फार सरळ लावू नका

—नाही नाही, चपला आत घ्या, मिस्त्री. बाहेर राहिल्या तर हे जिन्यातूनच ओळखतील कुणीतरी आलंय म्हणून. हं, या. ह्या दोन खिडक्या. खिडक्यांना हात लावायचा नाही, त्या नव्याच आहेत, बसवणाऱ्यांनी झकास बसवल्यात – काम आहे ते ह्या भोवतीच्या पट्टीचं. चौकट आणि भिंत ह्यांच्यामधली फट झाकायला लाकडी पट्टी लावतात ना, ती. ती आमच्या ह्यांनी लावलीय. स्वतः. बघा तुम्हीच… बघितलंत? कोपऱ्यात दोन पट्ट्या तिरक्या कापून एकमेकींना भिडायला हव्यात की नाही? इथे माझं बोट जातंय मधून. हसू नका हो. नाही हसलात? मग माझाच कान तिखट झालाय सकाळपासून, काय करू.

आधी नीट ऐका, मग हात लावा. आमचे हे म्हणजे साधेसुधे नव्हेत, तुमच्याच धंद्यातले. उभा जन्म लोकांच्या दारंखिडक्या केल्या. असा कोपरा जुळवायचे की नख अडकायचं नाही! आणि कोपऱ्यात पुट्टी भरणाऱ्याला तर उभं करायचे नाहीत – म्हणायचे, पुट्टी म्हणजे खोटं बोलणं. घरच्या खिडक्या मात्र तशाच कुजक्या राहिल्या, दिव्याखाली अंधार. आता बदलल्या, तर म्हणाले पट्ट्या मी लावणार, आता पुन्हा परका माणूस माझ्या घरात हातोडी घेऊन शिरणार नाही. मी काय बोलणार? – थांबा हं, कोण ते? … नाही, दूधवाल्याची सायकल. मी त्यांना खिळे आणायला धाडलंय, ते बिनडोक्याचे बारीक खिळे, बाजाराच्या पार टोकाला मिळतात. घरात डबाभर आहेत. मीच लपवलेत गव्हाच्या पिंपात.

हात थरथरतात हो त्यांचे. गेल्या वर्षापासून. त्यांना नाही वाटत तसं – म्हणजे मी वाटू देत नाही. चहाचा कप अर्धाच भरते, म्हणते दूध कमी आलं. सदऱ्याची बटणं मीच लावते, म्हणते शिंप्याने काजं घट्ट केलीत मेल्याने. त्या शिंप्याला बिचाऱ्याला मी किती शिव्या घातल्यात! आणि पट्टी आखूड कापली गेली की हे म्हणायचे लाकूड ओलं आहे, मग करवत बोथट, मग भिंतच ओळंब्यात नाही – नाचता येईना अंगण वाकडं… नाही, असं म्हणू नये मी. जीभ झडो माझी. परवा करवत फेकली त्यांनी. माझ्यावर नाही हो, कोपऱ्यात फेकली. मग तिथेच बसून राहिले खाली, भुशात. मी झाडू घेऊन उभी, आणि झाडताही येईना, कारण झाडायचं तर त्यांना ऊठ म्हणावं लागणार.

त्या दिवशी ते अंघोळीला गेल्यावर मी काय केलं माहितीये? फटींमध्ये टूथपेस्ट भरली. हो, टूथपेस्ट! पट्टीही पांढरी, पेस्टही पांढरी, म्हटलं कळतंय कुणाला. बोटाने चोपली सगळीकडे. आणि हे बाहेर आले, खिडकीशी उभे राहिले, नाक वर करून म्हणतात, पुदिन्याचा वास कुठून येतोय गं? मी म्हटलं, शेजारच्यांकडून. आता तुम्हीच सांगा मिस्त्री, शेजारी काय भिंती घासतात पेस्टने? पण हे काही बोलले नाहीत पुढे. अजूनही वास येतो बघा, घ्या, घ्या वास.

तुम्ही मनात म्हणत असाल, बाई, वाकडी तर वाकडी, खिडकी काय पळून जातेय? मला कुठे हौस आहे. पण माझे थोरले दीर, ह्यांचे भाऊ, तेही सुतारच – एक दिवस हत्यारं पेटीत ठेवली, म्हणाले आता जमत नाही, आणि खुर्चीत बसले ते बसलेच. जेवायचं म्हटलं तरी उठेनात. शेवटी आम्ही खुर्चीतूनच… जाऊ दे. मला ह्यांना खुर्चीत बसलेलं बघायचं नाहीये. एवढंच. रोज उठून त्या पट्ट्यांकडे बघतात, आणि रोज जरासे खचतात, मला दिसतं ते. म्हणून तुम्हाला बोलावलं. काढा आणि नीट लावा, पण फार सरळ लावू नका! अगदी जुळवलंत तर ओळखतील. एखादा कोपरा किंचित चुकू द्या, त्यांना वाटलं पाहिजे आपणच केलंय, लाकूड वाळलं आणि बसलं जागेवर. जमेल ना? वाईट काम मुद्दाम करायचंय, त्यात काय न जमायला! करा सुरुवात. मी रस्त्याच्या कोपऱ्याकडे लक्ष ठेवते, तिकडूनच येतील.

हळू ठोका ना. अहो, हळू— फोन. थांबा. त्यांचाच आहे. ठोकू नका, श्वासही घेऊ नका मोठ्याने. … हॅलो? हं. हो, घरातच आहे, कुठे असणार. मिळाले का खिळे? … काय? … नाही, कोण मिस्त्री? … अहो पण… बरं. बरं. सांगते.

… काही नाही. म्हणाले, त्याला म्हणावं पट्टीच्या मधोमध पटाशी घालू नको, मोडेल, खिळ्याजवळून उचल.

समोर आहेत. औषधाच्या दुकानाच्या पायरीवर, तो पांढरा टेम्पो आहे ना, त्याच्या मागे. बाजाराला गेलेच नाहीत. पडदे कुठे लावलेत अजून, तिथून सगळं दिसतंय म्हणाले, तू आणि मिस्त्री. मी विचारलं, येताय का? तर म्हणतात, तुझं झालं की हाक मार, तोवर बसतो. आणि म्हणाले, वर आलो की मी काही बोलणार नाही हं, काळजी करू नकोस. कपाचंसुद्धा कधी बोललो का?

कपाचंसुद्धा.

नको. ठेवा ती पटाशी. नाही, तुमचं काही चुकलं नाही, तुम्ही कशाला चुकाल. काढलेली पट्टी तिथेच भिंतीला टेकून ठेवा, आमची आम्ही लावू, फट राहिली तर राहिली. मी खाली जाते. त्यांना घेऊन येते. तुम्ही निघा आता, मिस्त्री, आणि जाताना दार नुसतं ओढून घ्या.