सव्वाअकराची नोंद

...आन वर ह्या बाया मलाच इचारत्यात, "राजाबाई, कशाला गं थरथरतीस?" आता थरथरू नको तर काय नाचू? तुमाला सांगते, मी काय भित्री न्हाय, पर भ्या वाटतंय की हो!

त्याचं झालं असं, मी हितं सात रस्त्याकडं कमलाकर आजोबांना सांभाळते. घरोघरी आजाऱ्यांसाठी बाया पुरवत्यात, त्या ब्युरोनं पाठवलंय मला. उजवं अंग गेलंय त्यांचं, मग आंघोळ, पेज, गोळ्या, दर दोन तासानं कूस बदलायची, सकाळी आठ ते रात्री आठ सगळं माज्याकडं. आन ब्युरोचा नियम काय, तर जे जे होईल ते वेळ टाकून वहीत लिवायचं. आठला बीपी. नऊला पेज, अर्धी वाटी. दहाला लघवी. बारा तास हेच! हाताला अशी सवय लागलीय की परवा घरी भाकरी थापली आन आदी घड्याळाकडं बघितलं!

तर मंगळवारी आमच्यासारख्या बायांच्या संघटनेची महादेवी आली. अक्कलकोटकडची, मधनंच कानडी बोलती. दारातनंच सुरू, "आपन घरोघरी आजारी मानसं सांभाळतो, आपल्याला आठवड्याला सुट्टी हाय का? पडलो-झडलो तर इचारतंय का कोन? वर्गणी भर, पावती घे, हेदरब्याड, हेदरब्याड, भिऊ नको गं!" हेदरब्याड म्हणायला तिचं काय जातंय! आमच्या ब्युरोच्या साहेबानं भर मिटिंगीत सांगितलंय, "संघटनेत नाव दिसलं की दुसऱ्या दिवशी घरी बसायचं." आन घरी बसून खायाचं काय? नवरा कंबर धरून बसलाय, पोरगी प्रियंका नर्सिंग शिकतीय, चूल माज्या एकटीवर!

तरी भरली. का भरली? मागच्या महिन्यात आजोबांना उचलताना माजी पाठ अशी धरली, अशी धरली, तीन दिवस आडवी हुते. ब्युरोतनं फोन आला. मला वाटलं, चौकशी करत्यात बिचारे... तर म्हणाले, "बदली बाई कोण देतेस?" मग म्हटलं, घे बाई वर्गणी. पावती पोलक्यात कोंबली, महादेवी गेली, मी दार लावलं आन... हात हो, ह्यो मेला हात! वही उघडली आन लिवलं, "सव्वाअकरा. संघटनेची बाई आली. वर्गणी दिली. बीपी एकशेचाळीस."

आजोबांचं बीपी, माजं न्हाय! माजं मोजलं असतं तर यंत्रच फुटलं असतं!

ध्यानात आलं तवा दिवस कलला हुता. म्हटलं, पान फाडावं. तर आजोबा! शाळेत हेडक्लार्क हुते छत्तीस वर्षं. वहीच्या पानापानावर डाव्या हातानं नंबर टाकलेत त्यांनी. तोंड वाकडं झालंय, पर नियम सरळ! "राजाबाई... पान फाडायचं... नाही. खाडाखोड... मुळीच नाही." म्हटलं, "आजोबा, नोकरी जाईल हो माजी!" तर इचार करून म्हणत्यात, "जाईल... पण नोंद... खरी आहे." घ्या! अशानं भ्या जातंय का वाढतंय?

शनिवारी सुकन्याताई वही तपासाय येत्यात, सुपरवायझर. चार दिवस नुस्ती वही लपवत हुते. कुनी बेल वाजवली की वही आजोबांच्या उशीखाली! एकदा मुद्दाम पानावर पेज सांडली, तर नेमकं बीपी पुसलं आन वर्गणी जशीच्या तशी! मी भित्री न्हाय हो, पर शनिवारी सकाळी पाय उंबऱ्यातनं आत यीना.

सुकन्याताई आल्या. चष्मा लावला. एक पान उलटलं. दुसरं उलटलं. आन थांबल्या. "राजाबाई, हे सव्वाअकरा... बरोबर आहे?" "व्हय ताई." "मंगळवारीच?" "व्हय..." उठल्या आन दार लावून घेतलं की त्यांनी! मी मनात म्हटलं, संपलं, पिशवी उचल राजाबाई. तर ताई माज्या कानाशी येऊन म्हणत्यात, "म्हणजे तुझ्याकडनं निघून ती माझ्याकडं आली होय गं! मी बारा वाजता भरली!"

हुश्श... असं वाटलं ना तुमाला? मला बी वाटलं! पर ताई पुढं म्हणत्यात, "मी पावती पिठाच्या डब्यात लपवली, आणि तू? ब्युरोच्याच वहीत लिहिलीस? धन्य आहेस बाई!" त्यांनी महादेवीला सांगितलं, महादेवीनं बावीस बायांना सांगितलं, "राजाबाईनं साहेबाला लेखी दिलंय, वाघीण हाय वाघीण!" काल बैठक झाली. उद्या साहेबाकडं निवेदन न्यायचं, आठवड्याला सुट्टी पायजे म्हणून. आजोबांनी त्याला जावक नंबर बी टाकलाय! आन पुढं हून बोलनार कोन? तर म्हणं, राजाबाई!

पार व्हटापातूर आलं हुतं, "बायांनो, ती सवय हुती गं, धाडस न्हवतं, मला नको!" पर बावीसच्या बावीस माज्याकडं बघायल्या... आन तुमाला सांगते, एवढ्या बायांना न्हाय म्हणायचं मला लई भ्या वाटलं हो. म्हणून व्हय म्हणाले.