ग्रासाचे उच्चार

(अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं एक कॉलेज. रसायनशास्त्राच्या इमारतीसमोर उभी असलेली एक जुनी गाडी. आत ओनोरियो, शिंपल्यांच्या बोटीवरचा खलाशी, आणि त्याची लेक डेल्फिना.)

ओनोरियो: आधी खा. ओदेत आत्याने सकाळी भाजलाय पाव, अजून मऊ आहे.

डेल्फिना: दीड तास गाडी हाकत तू पाव द्यायला आलेला नाहीस, बाबा.

ओनोरियो: नाही.

डेल्फिना: आत्याने पाठवलं.

ओनोरियो: तिने पाठवलं आणि मी आलो. दोन्ही खरं. ती म्हणते, पोरगी फोनवर नुसती हं हं करते. जा, आणि तो विषय सोडायला लाव तिला. आजच शेवटचा दिवस ना?

डेल्फिना: पाचला ऑफिस बंद होतं. त्याच्या आत सोडला तर कुठे डाग राहत नाही. नंतर जे मार्क पडतील ते जन्माला चिकटले.

ओनोरियो: मग अडलंय कुठे? मी शिकलेला नाही, पण वारा फिरला की जाळं वर घ्यायचं, एवढं कळतं मला.

डेल्फिना: वर घेऊन जायचं कुठे?

ओनोरियो: बंदरात.

डेल्फिना: बंदरच नाहीये, बाबा. ऐक. ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा पहिला भाग सप्टेंबरात सुरू होतो, एरवी नाही. आज सोडला की पुढच्या सप्टेंबरपर्यंत हात चोळत बसायचं. पुढचे विषय त्याच्यावर, आणि त्या विषयांवर मेडिकलची प्रवेश परीक्षा. खालची वीट काढली की अख्खी भिंत वर्षभर मागे.

ओनोरियो: वर्षाने काय बिघडतंय? लोक काय आजारी पडायचे थांबणार आहेत?

डेल्फिना: हे आत्याचं वाक्य आहे.

ओनोरियो: हो. रस्ताभर पाठ करत आलो.

डेल्फिना: आईच्या दफनाच्या दिवशी हीच आत्या सगळ्यांना सांगत होती, आता आमची पोर डॉक्टर होऊन दाखवेल. अख्ख्या चर्चने माझे हात दाबले, बाबा. आणि आता तीच म्हणते, सोड.

ओनोरियो: तिचं मनावर घेऊ नकोस. रडू आलं की ती हुकूम सोडते. लहानपणापासूनच. बरं, उन्हाळ्यात नाही का होत हा विषय? तू मागे म्हणाली होतीस.

डेल्फिना: होतो ना. वर्षभराचं सगळं दहा आठवड्यांत कोंबतात. जूनपासून ऑगस्टपर्यंत.

ओनोरियो: ऑगस्टात तुझ्या आईचं, ग्रासाचं वर्ष.

डेल्फिना: तेच तर. तुम्ही चर्चमध्ये तिच्या मिसाला बसाल आणि मी शेवटच्या पेपरला.

ओनोरियो: मग रेट आत्ताच. दात-ओठ खाऊन रेट. तुझी आई असती तर तिने रेटलं असतं.

डेल्फिना: रेटलं. पहिला पेपर झाला. शंभरात एकतीस.

ओनोरियो: तुला?

डेल्फिना: मला.

ओनोरियो: अवघड काढला होता?

डेल्फिना: सोपा होता. सगळं येत होतं. सर म्हणाले, घाई करू नकोस, विषय कुठे पळून जात नाही. सल्लागार बाईंनी रुमालांचा डबा पुढे सरकवला. मी रडतसुद्धा नव्हते! सगळे इतकं मऊ मऊ बोलतात, की कुणीतरी तोंडावर उशी दाबून धरल्यासारखं होतं.

ओनोरियो: मी तर मऊ नाही बोलत.

डेल्फिना: तू बोलतच नाहीस.

ओनोरियो: हं. सगळं येत होतं, तर मग झालं काय?

डेल्फिना: तू आत्याला सांगशील.

ओनोरियो: वीस वर्षं बोटीवर सात माणसांबरोबर एका खोलीत झोपतोय मी. कुणाचं काय काय ऐकलंय, त्यातलं एक तरी घरी आणलं का?

डेल्फिना: उन्हाळ्यात हॉस्पिटलात आईपाशी बसून मी पुढचं वाचून ठेवत होते ना? कार्डं केली होती. एका बाजूला शब्द, मागे अर्थ. आई म्हणायची, दे इकडे, मी विचारते तुला. तेवढाच माझा काहीतरी उपयोग.

ओनोरियो: ग्रासा? इंग्रजी शब्द विचारायची? तिकडे मायदेशी, बेटावर चौथीपर्यंत गेलेली बाई ती.

डेल्फिना: आणि काय विचारायची! बरोबर उत्तर दिलं तरी मागची बाजू तीनदा वाचून मगच हो म्हणायची. पण शब्द मात्र आपल्या मनाने वाचायची. एक शब्द आहे न्यूक्लिओफाइल. तिला ‘फाइल’ काही म्हणता यायचं नाही. ती म्हणायची, न्यूक्लिओ-फिल्या.

ओनोरियो: फिल्या. आपल्या भाषेत पोरगी. तुला हाक मारायची तशी.

डेल्फिना: तशीच. मी म्हटलं, अगं आई, त्यात पोरगीबिरगी कुणी नाही, रसायनातला शब्द आहे तो. तर म्हणाली, असू दे, ही फिल्या करते काय ते सांग. म्हटलं, हिच्याकडे जास्तीचं असतं, ते ही दुसऱ्याला देते. आणि इलेक्ट्रोफाइल म्हणजे घेणारी. तर हसायला लागली. नळ्या लावलेल्या, आणि हसतेय. म्हणाली, मग ती इलेक्ट्रो-फिल्या तूच. जन्मल्यापासून घेतेच आहेस.

ओनोरियो: असं म्हणाली?

डेल्फिना: पेपरात पहिल्याच प्रश्नात तो शब्द होता. मी वाचला, पण माझ्या आवाजात नाही. दुसऱ्या प्रश्नात पुन्हा. पानभर फिल्या, फिल्या. मी पेन खाली ठेवलं आणि ऐकत बसले. वेळ संपल्यावर सरांनी कागद ओढून घेतला.

ओनोरियो: हे त्या बाईंना सांगितलंस?

डेल्फिना: काय सांगू? त्या म्हणतील, थोडे महिने जाऊ देत, कमी होईल. आणि खरंच होईल, बाबा. पुढच्या सप्टेंबरात मी तोच शब्द वाचेन आणि तो नुसता शब्द असेल, तिचा आवाज नसेल त्यात. मग मला येईल सगळं. म्हणूनच विषय सोडायच्या फॉर्मवर सही होत नाहीये माझ्याच्याने. आत्ता दिला तर नापास, आणि थांबले तर...

ओनोरियो: थांबलीस तर पास.

डेल्फिना: हो.

ओनोरियो: कसं म्हणायची ती? परत म्हण.

डेल्फिना: न्यूक्लिओ-फिल्या.

ओनोरियो: ‘ल्या’ लांबवायची थोडा.

डेल्फिना: न्यूक्लिओ-फिल्याऽ.

ओनोरियो: हां. ...अजून एकदा.

डेल्फिना: बाबा?

ओनोरियो: मला ऐकू येत नाही तिचं. चेहरा दिसतो. ओट्यापाशी उभी दिसते, तोंड हलतं, पण आवाज नाही. महिना झाला. आमचं सगळं आयुष्य असंच गेलं गं. मी बारा दिवस समुद्रावर. घरी आलो की ती बोलायची आणि मी झोपायचो. झोपेत ऐकलेलं किती टिकणार? आत्ता तू म्हणालीस, तेव्हा आला. दुसरा कसला शब्द होता? घेणारीचा?

डेल्फिना: तू मला विषय सोडायला लावायला आला होतास ना?

ओनोरियो: होतो.

डेल्फिना: आणि आता?

ओनोरियो: आता काय... ओदेतला काय कळतंय कॉलेजातलं? तू हुशार आहेस. राहा ना अजून थोडे दिवस त्या वर्गात. पुढचा पेपर कदाचित...

डेल्फिना: पुढच्या पेपरातही मी ऐकतच बसणार, बाबा. तुझ्यासाठी तिचा आवाज राखत मी नापास होत राहू?

ओनोरियो: नाही. नाही, पोरी. असं नव्हतं म्हणायचं मला.

डेल्फिना: तेच म्हणालास तू.

ओनोरियो: हो, म्हणालो खरा. चुकलं. जा तू. घड्याळ बघ, ती ऑफिसवाली कुलूप लावायला निघाली असेल. जा पळ.

डेल्फिना: तू सांगतोस म्हणून नको.

ओनोरियो: मग?

डेल्फिना: एकतीस मार्कांचा डॉक्टर तिला चालला नसता. वॉर्डात एका नर्सने दोनदा सुई चुकवली, तर आईने तिला खोलीबाहेर काढलं होतं. आठवतं?

ओनोरियो: मी नव्हतो तेव्हा. मी समुद्रावर होतो.

डेल्फिना: हो. ...थांब इथेच. आलेच मी.

* * *

ओनोरियो: गाठलंस?

डेल्फिना: गाठलं. कोट अंगात घालून उभी होती ती. परत बसली माझ्यासाठी.

ओनोरियो: काही विचारलं?

डेल्फिना: कारण काय लिहू म्हणाली. मी म्हटलं, घरगुती. तिने लिहिलं आणि म्हणाली, छान निर्णय घेतलास. हलकं वाटेल बघ आता.

ओनोरियो: वाटतंय?

डेल्फिना: नाही.

ओनोरियो: मलाही नाही. ...म्हणजे पुढच्या सप्टेंबरात?

डेल्फिना: पुढच्या सप्टेंबरात.

ओनोरियो: तोवर राहील ना तुझ्या कानात? ती कशी म्हणायची ते?

डेल्फिना: काय सांगू? मी पास झाले, की तू समजून जा, बाबा.