मुलीच्या मापाचा कागद

शिंप्याच्या दुकानात मी पिशवीच्या चेनसाठी बाकावर बसले होते. शेजारी दहावीतल्या नातवाचा गणवेश शिवायला टाकायला आलेल्या आजी. समोर आठवीतली मुलगी आणि तिची आई.

"ताई, मुलींच्या मापाचा कागदच सापडेना. तीन वर्षांत कुणी मुलीचा गणवेश शिवलाच नाही," शिंपी म्हणाला.

"शोधा दादा. वर्गात बत्तीस मुलगे आणि ही एकटी. आणि सैल शिवा, पोतं दिसलं तरी चालेल."

"आई, पोत्यात धावू कशी?"

"धावावं लागतं का गं बाळ?" आजींनी विचारलं.

"शाळेच्या वळणावर लागतं. काल तिथल्या मुलांनी वेणी धरली."

"पुन्हा असं झालं तर शाळा बंद म्हणालेत हिचे बाबा."

"बरोबर मैत्रीण नाही कुणी?"

"आणू कुठून, आजी? आमच्या अख्ख्या आळीत हिच्या वयाची मुलगी नाही."

"कुणाची कार्टी ती?"

"आई, सांग ना."

"तुमचा नातूही असतो, आजी. हसत उभा असतो."

कागद शोधणारा शिंप्याचा हात थांबला.

"त्याच्या पाठीवर दोघी येणार होत्या," आजी हळूच म्हणाल्या. "सुनेला तपासून घेतलं आणि मुली म्हणून नको म्हटलं. मीच म्हटलं. आज हिच्या दोन्ही बाजूंनी चालल्या असत्या."

"आजी, नातवाचं माप लिहून घेऊ?" शिंप्यानं विचारलं.

"त्याचं राहू दे. आधी हिचं घे, धावता येईल असं. उद्यापासून वळणावर मी असेन, त्याचा कान धरायला. तू नवा कागद काप, बाबा. आणि या खेपेला जपून ठेव."