बिनमाइकचा हेडफोन

— नाही, नाही, दिवे नकोत म्हटलं ना! पंख्याला दिवे, मेमरीला दिवे, डब्याला काच — मला गेमिंगचं मशीन करायचंय, सर्कशीचा तंबू नाही उभारायचा. त्या दिव्यांचे पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. आणि हा प्रोसेसर नको, याच्या मागच्या पिढीतला द्या — हो, तोच — दोन्हींत फरक काय, तर खोक्याचा रंग! अहो दादा, महिनाभर हेच वाचतेय मी. बघता काय असे? कुणाला भेट द्यायची नाहीये, माझ्यासाठीच आहे. हसून घ्या एकदाचे, मग पुढचं दाखवा.

पॉवर सप्लाय मात्र चांगल्यातला हं. तिथे चिक्कूपणा केला की सगळंच जळतं — मी काटकसरी आहे, खुळी नाही. मेमरी सोळाची, पण आठ-आठच्या दोन पट्ट्या. सोळाची एकच पट्टी माझ्या गळ्यात मारू नका. मॉनिटर घरी आहे. मुलाचा आहे. त्याचं जुनं मशीनही आहे, त्याच्यावरच तर खेळते — पण ते आता धापा टाकतं हो. समोरचा मला गोळी घालून निघूनही जातो, आणि माझ्या पडद्यावर तो अजून दारातून आत येतोय! परवा टीमचा कॅप्टन म्हणालाच, ‘मौनीबाबा, तुझ्यामुळे हरतोय आपण. येत्या रविवारपर्यंत मशीन बदल, नाहीतर दुसरा गडी घेतो.’ मौनीबाबा म्हणजे मी. कधी तोंड उघडत नाही म्हणून.

आता हेडफोन. हा नको, याला माइक आहे. — फुकट असला तरी नको! कान उत्तम हवेत, तोंड नको. टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी केली मी, अख्खं आयुष्य दुसऱ्यांचं ऐकण्यात गेलं — माणूस कुठल्या खोलीतून बोलतोय, पाठीमागे नळ चालू आहे की पंखा, सगळं कळतं मला. बोलायचं कशाला? बोलले तर ओळखेल ना तो! तो म्हणजे कोण काय — कॅप्टन. माझा मुलगा आहे कॅप्टन.

परदेशात असतो. त्याचे वडील गेले, आणि हा म्हणाला घर विकू या. मी सही केली नाही. का करू? राहू कुठे मी, त्याच्या सुटकेसमध्ये? झालं, तेव्हापासून अबोला. मी फोन करते — वाजतो, वाजतो, बंद होतो. वेळ नसतो म्हणे साहेबांना! आणि खेळायला बरोबर वेळ असतो, दर रविवारी. त्याचं खेळातलं नाव ठाऊक होतं मला, शाळेत असताना खोलीच्या दारावर कोरून ठेवलं होतं पठ्ठ्याने. शोधला, टीममध्ये जागा होती, शिरले. सुरुवातीला सगळ्यांत आधी मीच मरायचे. तर हा शिकवायचा — ‘घाई नको करूस, भिंतीला धरून चाल, मी आहे मागे’ — इतकं मायेने! मला, आईला, जन्मात कधी बोलला नाही असं. एकदा ऐन गोळीबारात माझ्या हातून टाइप झालं — ‘जेवलास का?’ खो खो हसले सगळे. आणि हा म्हणतो, ‘मौनीबाबा, माझ्या आईसारखं नको रे विचारूस, तिला दुसरं काही येतच नाही.’ येत नाही! तुझ्यावर चालून आलेले दोघे कुणी टिपले रे मघाशी?

सांगून टाकू म्हणता? वा! म्हणजे फोनवरून काढलं तसं इथूनही काढेल. इथे निदान मी लागते त्याला. — तुम्हाला आई आहे का हो? फोन करता? राहू द्या, नका सांगू, उगाच खोटं बोलाल.

मागे एकदा खेळता खेळता म्हणाला, ‘थांबा रे, बाळ उठलं.’ आणि गेला तसाच, माइक चालू ठेवून. बाळ! लग्न केल्याचंसुद्धा मला तिसऱ्याकडून कळलेलं. बाकीचे आरडाओरडा करत होते, पुढे चल, पुढे चल — आणि मी कान देऊन उभी. रडणं ऐकलं, त्याचं गुणगुणणं ऐकलं. मग सगळं शांत झालं. माझ्या अंगात किती गोळ्या गेल्या ते बघितलंसुद्धा नाही मी. तो परत आला तसं विचारलं, टाइप करून — मुलगा की मुलगी? ‘मुलगी.’ वाटलं, आता थांबावं. पण राहवेना, लिहिलं — ‘दोन्ही आज्या खूश असतील.’

‘एकच आहे रे,’ म्हणाला. ‘बायकोची आई. इथेच असते आमच्याकडे.’

मी ‘अभिनंदन’ लिहिलं. आणि खेळात त्याच्या पाठीमागची खिडकी उघडी होती, तिच्यावर नेम धरून बसले.

नको, पाणी नको मला. काय बघताय? शनिवारी जोडून तयार पाहिजे, बिल करा.