डोळ्यांखालचे सात दाणे

...नाही, मला एक सांगा, माझं तोंड म्हणजे काय चव्हाट्यावरचा फळा आहे, की येणाऱ्या-जाणाऱ्याने त्यावर काहीतरी फासून जावं? सात दाणे होते हो! मोजून सात. डोळ्यांखाली, मोहरीपेक्षा बारीक, पांढरे. ना दुखत, ना खुपत. शहाण्या भाडेकरूसारखे गप राहत होते बिचारे!

आणि हसू नका हं, पण मी नोकरी करते ती त्वचेच्या डॉक्टरांकडे. अठरा वर्षं! म्हणजे मागे, फायलींच्या खोलीत. लोकांची खरूज, लोकांचे मुरूम, सगळं नंबराप्रमाणे लावायचं. खिडकी नाही, पंखा आहे तो वारा सोडून आवाज तेवढा देतो. आणि मध्यंतरी एकदा डॉक्टर म्हणाले, "पुढच्या टेबलावरच्या बाई निवृत्त होतायत. एक तारखेपासून तुम्हालाच बसवावं म्हणतो." पुढे! जिथे खिडकी आहे, चाकांची खुर्ची आहे, माणसं आहेत! मी इतकी हरखले, की घरी जाऊन सांगितलं. तिथेच चुकलं.

सासूबाईंनी चष्मा वर केला. "ह्या तोंडाने बसणार? लोक म्हणतील, ह्या डॉक्टरला घरचंच माणूस नीट करता येईना! उद्यापासून मध-साखर चोळ. नैसर्गिक आहे गं, अपाय तर नाही ना!"

तुम्ही म्हणाल, बाई, डॉक्टरांनाच का नाही विचारलंस? अहो, कसं विचारणार? तीन आठवडे तारीख नाही, हे रोज माझ्या कानांवर येतं ना! लोकांना थांबवायचं आणि आपण मध्ये घुसायचं? शिवाय ज्यांनी पुढे बसवायचं त्यांनाच जाऊन दाखवू, की हे बघा, इथे खोट आहे?

मग सकाळी मध-साखर. खरखर खरखर... भांडी बरी त्यापेक्षा! तेवढ्यात नणंदेचा फोन. "वहिनी, आईचं काय ऐकतेस? लिंबू पिळ लिंबू! झोंबलं म्हणजे लागू पडलं समजायचं. नैसर्गिक आहे गं, अपाय तर नाही ना!" तिला नाही म्हटलं तर ती सहा महिने बोलत नाही, आणि बोलत नाही हे सगळ्यांना सांगत सुटते. म्हणून दुपारी लिंबू. संध्याकाळी शेजारच्या मावशी लसूण ठेचूनच घेऊन आल्या, वाटीत! आता एवढ्या मायेने ठेचलेला लसूण परत पाठवायचा? सगळ्यांची मनं राखली हो मी. चेहरा तेवढा माझा होता, त्याला कोण विचारतंय?

आमच्या ह्यांना विचारलं, फरक वाटतो का? पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "कशात?"

एक तारखेला उठले तर एक डोळा उघडेचना! गाल हे असे, लालबुंद, वरून सालं निघतायत... आणि घरातला थाट बघा! सासूबाई म्हणतात, "लिंबाने झालं." नणंद म्हणते, "लसणाने!" मावशी म्हणतात, "मधात भेसळ असणार." आणि तिघी मिळून, "आमचं तर नैसर्गिक होतं गं!"

तशीच गेले कामावर. डॉक्टरांनी बघितलं आणि खुर्चीतून उठलेच. "अहो, काय केलंत हे? ते दाणे निरुपद्रवी होते! सुईच्या टोकाने दोन मिनिटांत काढले असते! आणि नसते काढले, तरी तुमच्या बसण्याचा आणि त्यांचा काय संबंध?" मी एका डोळ्याने रडले. मग ते म्हणाले, "एक फोटो घेऊ का? लोकांना दाखवायला फार उपयोगी पडेल. ओळखू येणार नाही, डोळ्यांवर काळी पट्टी टाकू." आता एवढ्या मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? हाच तर रोग आहे ना मला, त्याच्यावर नाही कुणाकडे औषध!

महिनाभर गाल पिकलेलेच, म्हणून टेबलावर नवी मुलगी बसवली. गोड आहे, तिचा काय दोष? मी आपली मागे, फायलींत. आणि तिच्या डोक्यावर, भिंतीला, माझा हा एवढा मोठा फोटो: 'घरगुती उपाय करू नका!'

परवा नणंद आली, मानेवरच्या तिळासाठी. तीन आठवडे आधी तारीख घेऊन हं! वर बघून त्या मुलीला म्हणते, "अगंबाई, काय काय फासतात ना बायका! अक्कल नाही अगदी!" मी दारात, तिचीच फाईल हातात घेऊन उभी. म्हटलं, "वन्सं, आत जा. तुमचा नंबर आला."

तर असं आहे. पुढची जागा, डोक्यावर धड पंखा, समोर खिडकी... सगळं मिळालं हो मला. डोळ्यांवर पट्टी आहे, एवढंच.