आधी चांगला गुडघा

धाकटी : पाय लांब कर ना ताई. उद्या प्रॅक्टिकलला गुडघाच आला तर?

ताई : तर परीक्षक विचारेल, दुखऱ्या गुडघ्यावर झडप का घातलीस? आधी चांगला बघायचा, मग दुखरा.

धाकटी : अजून पाठ आहे तुला?

ताई : बाळासाठी शेवटचं वर्ष सोडलं, डोकं नाही सोडलं. हात चोळ आधी, बर्फ झालेत नुसते. आणि बघ माझ्या तोंडाकडे. दुखलं की पेशंटचं तोंड आधी बोलतं.

धाकटी : बरं बाई. उजवा... सूज नाही, गरम नाही. वाटी दाबली, खाली पाणी नाही. आता दुमड. तुझ्या पावलावर बसते हं. नडगी पुढे ओढली... घट्ट. आता डावा, जिन्यात घसरलीस तो... हाही घट्ट. म्हणजे आतलं लिगामेंट शाबूत.

ताई : झालं? उगाच कोट इस्त्री केला म्हणायचा मी.

धाकटी : का? चुकलं काही?

ताई : मला काय विचारतेस? डॉक्टर तू.

धाकटी : थांब. उजव्या मांडीचा मागचा स्नायू लोण्यासारखा होता. हा दगड आहे. सैल सोड, ताई.

ताई : सोडलाय.

धाकटी : नाही सोडलास. मुद्दाम आवळून धरतेयस! स्नायूनंच नडगी मागे धरली, तर सापडेल कसं मला काही? उद्या नापास झाले असते ना मी!

ताई : झाली असतीस तर पुढच्या खेपेला बसली असतीस. मला कोण बसवतंय?

धाकटी : ताई...

ताई : जळते मी. बस? तुझा पांढरा कोट लंगोटांशेजारी वाळत असतो ना, तेव्हा वाटतं, चिमटे काढावेत आणि जाऊ द्यावा वाऱ्यावर.

धाकटी : मग इस्त्री कशाला करतेस?

ताई : तुला कॉलर जमत नाही म्हणून.

(पाळण्यात बाळ कुरकुरतं. ताई पडल्या पडल्या हात लांब करून झोका देते.)

ताई : नीज रे राजा, नीज... घे. सोडला सैल. ओढ आता.

धाकटी : अगं... पुढे येतेय नडगी. केवढी येतेय, ताई! लिगामेंट तुटलंय आतलं. ह्याच पायानं त्याला कडेवर घेऊन जिना चढतेस तू?

ताई : उद्या परीक्षकासमोर असा रडका आवाज काढू नकोस. चल, परत कर सगळं. आधी चांगला.