काळ्या पडद्यामागची यादी

माझं माहेर कोपरगाव तालुक्यातलं, गोदावरीच्या अंगाचं, ऊसच ऊस, कालव्याला पानी इतकं की विहिरीला नाव असतं हे मला लग्न होऊन ह्या कोरड्या सुप्याला आल्यावरच कळलं. आमी चार बहिनी, मी सुमन, तीन नंबरची. बारावी झाले अन् वडलांनी मराठी टायपिंगला घातलं, म्हनले नोकरी न्हाई लागली तर बोटं तरी कामाला लागतील. नोकरी काय लागली न्हाई, बोटं लागली, ती अजून लागलेलीच हाईत. मालक एमआयडीसीत कंपनीला, अन् मी घरी कॉम्प्युटरवर टायपिंग करते, अर्ज, शाळेचे पेपर, लग्नपत्रिका, कोनी आनील ते.

आता त्या कॉम्प्युटरचं काय सांगू तुम्हाला. गिऱ्हाईक यायचं पेनड्राईव्ह घेऊन, त्यातनं व्हायरस, मशीन सारखं आजारी. मग थोरल्या बहिनीचा पोरगा, इंजिनेर हाय, त्यानं त्याच डब्यात जुनीच्या जोडीला दुसरी सिस्टीम टाकून दिली, एका मशीनात दोन मशीनं असल्यागत, म्हनला मावशी, लोकांचे पेनड्राईव्ह अन् इंटरनेट ह्या नव्यात, तुझं टायपिंग जुन्यात, सरमिसळ करू नको. बटन दाबलं की पडद्यावर दोन्हीच्या नावांची यादी यायची, पायजे त्याच्यावर जायचं अन् एंटर मारायचं. लई चांगलं चाललं हुतं. मग पडदा जळाला, अन् मालकांनी कंपनीच्या भंगारातला दुसरा आनला, मोठा, फुकटात मिळाला म्हनून मिशीत हसत आले. त्याच्यावर बाकी सगळं दिसायचं, यादीच तेवढी दिसायची न्हाई. नुसता काळा पडदा, मधी चौकट, आऊट ऑफ रेंज. भाच्याला बंगळूरला फोन लावला तर म्हनला, यादी तिथंच हाय मावशी, त्या पडद्यात मावत न्हाई म्हनून तुला दिसत न्हाई एवढंच, जुनी पायजे तर दोनदा खालची कळ दाब अन् एंटर मार. पन यादी आली हे अंधारात कळायचं कसं? तर मी बेचा पाढा धरला. बटन दाबायचं, बे एके बे पासनं बे दाहे वीसपर्यंत म्हनायचं, दोनदा खाली, एंटर. मालक म्हनायचे, मशीन चालू करती का शाळा भरवती. हसा म्हनलं. वरीसभर चाललं असंच.

त्यात गुरुजींचं काम आलं. गुरुजी म्हंजी आमच्या गल्लीतले रिटायर मास्तर, ऐंशीच्या पुढचे. त्यांनी सायकलवर हिंडून हिकडच्या विहिरी लिवून काढल्या हुत्या, विहिरीचं नाव काय, खांदली कुनी, किती परस खोल, पानी गोड का मचूळ, सतरा वह्या भरल्या हुत्या. डोळे जायच्या आत पुस्तक हातात पायजे म्हनायचे. एक वही टाईप झाली की मी माघारी द्यायची. सगळ्या झाल्या, तपासायचं तेवढं राहिलं, अन् त्यांच्या सूनबाईंनी, टाईप झालं आता काय करायच्यात, म्हनून वह्या बंबात घातल्या, आंघोळीच्या पान्याला. तिच्या मनात वाईट न्हाई हो, तिला वाटलं रद्दी. गुरुजी दोन दिवस जेवले न्हाईत, मग मला म्हनले, तुझ्याकडं हाय ना सगळं? मी म्हनलं हाय. अन् ते पेनड्राईव्हवर काढून ठेवायचं मीच टाळलं, व्हायरसच्या भ्यानं.

अन् आठ दिवसांत त्या नव्या सिस्टीमनं इचारलं, अपडेट करू का. मी म्हनलं कर बाई, रोज रोज इचारतीस. दुसऱ्या दिवशी पाढा म्हनला, दोनदा खाली, एंटर, तर उघडली नवीच. परत केलं, परत नवी. तीनदा दाबून बघितलं, चारदा बघितलं, पाढा अर्ध्यात सोडून बघितला, बेचा सोडून तीनचा म्हनला, नवी ती नवीच, अन् पुस्तक सगळं जुनीत. त्या काळ्या पडद्याला असली एक ठेवून द्यावी वाटली ना. भाच्याचा फोन बंद, परदेशात गेल्ता कंपनीच्या कामाला.

गावातला मेकॅनिक आला, बसला बी न्हाई, उभ्या उभ्याच म्हनला, जुनी उडाली ताई, फॉरमॅट मारू. मी म्हनलं, अन् आतलं? म्हनला, आतलं जाईल, पन मशीन कोरं करकरीत होईल. ह्या लोकांना दुसरा शब्दच म्हाईत न्हाई, दात दुखला तर मुंडकं काढतील. तो कळ दाबायला गेला अन् मी भिंतीतली वायर उपटली. मालक म्हनले, तूच कायतरी दाबलं असशील. घरात काय बी बिघडू द्या, मीच दाबलेलं असतं. म्हनले, परत टाईप कर, त्यात काय. मी म्हनलं कशावरनं करू, राखंवरनं?

गुरुजींचा रोज संध्याकाळी फोन, सुमन, कुठवर आलं? मी म्हनायची, तपासतीये. चार दिवस त्या म्हाताऱ्या मानसाशी खोटं बोलले मी.

पाचव्या दिवशी डबा चादरीत बांधला, एसटीत मांडीवर घेतला अन् नगर गाठलं. दुकानदारानं त्याच्या पडद्याला जोडला अन् फटकन यादी आली. वरीसभरानं तोंड बघितलं तिचं. पन जुन्या सिस्टीमचं नाव त्यात नव्हतंच. मी तिथंच स्टुलावर बसले. तो मानूस म्हनला, ताई, मतदार यादीतनं नाव गेलं म्हनून मानूस मरतंय व्हय? अपडेटनं नाव गाळलं, सिस्टीम जागेवर हाय. त्यानं दोन ओळी लिवल्या, यादी नव्यानं बनवायला लावली, अन् तळाला नाव आलं. यादीचा आकार बी बारका केला, म्हनला आता तुमच्या भंगारातल्या पडद्यावर मावंल. दहा मिनिटं लागली. दहा मिनिटांसाठी पाच दिवस जळले मी, अन् तो गावातला तर चितेला काडीच लावाय निघाला हुता.

तिथंच सगळं छापून घेतलं अन् तशीच गुरुजींकडं गेले, पायावर डोकं ठेवलं अन् खरं काय ते सांगून टाकलं. रागावले न्हाईत. भिंग घेऊन पानं चाळत बसले. मी म्हनलं, गेलं असतं तर काय केलं असतं हो? म्हनले, काय करनार, परत लिवायला पाय बी न्हाईत अन् विहिरी बी न्हाईत. मला वाटलं थकून बोलत्यात. तर त्यांनी पेन मागितलं अन् नावांपुढं लिवत गेले. बुजवली. बुजवली. रस्त्यात गेली. हिच्यावर गाळे झाले. बुजवली. माझ्याकडं पानं दिली, म्हनले एवढं घाल, पन नाव एक बी काढू नको.

आता यादी ठसठशीत दिसती, पुस्तकाच्या तीन कॉप्या केल्यात, एक पार माहेरी ठिवली हाय. पन काम काय संपत न्हाई. गुरुजींचा फोन अजून येतो, हल्ली कुठवर आलं म्हनून इचारत न्हाईत, निस्तं एका विहिरीचं नाव सांगत्यात अन् गप बसत्यात. देव त्यांना लई आयुष्य देवो, पन खरं सांगते, फोन वाजला की उचलू वाटत न्हाई. उचलते. नाव ऐकते, अन् त्याच्यापुढं टाईप करते, बुजवली.